मामांनी विणलेली गोलाची जाळी

सोलापुरात परदेशी संघाची फुटबॉल मॅच भरवायची, असं आम्ही सत्तरच्या दशकात ठरवलं तेव्हा लोक हसले. हसू देत! ज्या गावाला गिरणीचे भोंगे उठवतात त्या गावानं काय नुसत्या चादरीच विणाव्यात? एक परदेशी संघ मुंबईत खेळणार आणि एक सामना जिल्ह्याच्या गावालाही देणार, अशी बातमी पेपरात आली होती. मी गिरणीत पहिल्या पाळीला, आमच्या क्लबाचा सेक्रेटरी आणि डोक्यानं जरा गरमच. त्याच दिवशी अर्ज ठोकून दिला.

पण खरी आस लागली होती ती मामांना. मामा म्हणजे क्लबाचे सगळ्यात जुने खेळाडू, साठी उलटलेले विणकर. घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी. तरुणपणी ते असाच एक परदेशी संघ बघायला मुंबईला गेले होते. तिकीट मिळालं नाही. मैदानाच्या भिंतीला पाठ लावून आतली आरडाओरड ऐकली आणि तसेच परत आले. "गोल कुणी केला ते बी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं," असं सांगायचे. "मॅच हितं आली की मला भिंतीभायेर कोण ठेवतंय ते बघतोच."

मुंबईहून उत्तर आलं. मैदान बघायला साहेब येतील, त्यांच्यासमोर एक सामना खेळून दाखवा, आणि गोलांना जाळ्या हव्यातच. आता आली का पंचाईत! आमच्या गोलांनी जन्मात जाळी बघितली नव्हती. दोन खांब, वर आडवी बल्ली, आणि गोल झाला की चेंडू आणायला पार रस्त्यापलीकडे पळायचं. मी कपाळाला हात लावला, तर मामा माझ्यावरच खेकसले, "आरं, सोलापुरात बसून सुताला रडतोस व्हय?"

दोन महिने मामा आणि मामी ओट्यावर बसून सुताचे दोर वळत होते, गाठी मारत होते. आम्ही पाळी सुटली की पाट्या घेऊन मैदानातले दगड वेचायचो. जाळ्या तयार झाल्यावर मामांनी त्यांना खळसुद्धा दिली, कापडाच्या सुताला देतात तशी. खळ न दिलेलं सूत घराबाहेर काढायचं म्हणजे त्यांना उघड्या अंगानं पेठेतून फिरल्यासारखं वाटायचं.

साहेब आले त्या सकाळी मामांनी स्वतः जाळ्या बांधल्या. एकेक गाठ ओढून घट्ट केली, टिचकी मारून बघितली. मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, ढिला राहिला की कापड वाया जातं. चाळीस वर्षांची ती सवय. जाळी नव्या विणलेल्या बाजेसारखी ताठ झाली आणि आम्ही सगळे ती बघून लई खूश झालो.

उत्तरार्धात चेंडू माझ्या पायात आला. मी जीव खाऊन मारला. गोलकीपर बघतच राहिला, चेंडू आत गेला, जाळीवर आपटला आणि तस्साच उलटा येऊन माझ्या छातीवर बसला! बाहेरगावाहून बोलावलेले पंच म्हणाले, "खांबाला लागला. खेळा." माझं डोकंच फिरलं. "डोळे फुटलेत का?" म्हणत मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. लोक मैदानात घुसले. साहेब खुर्चीवरून उठले, आणि तेव्हा कुठं मी थांबलो. मॅच गेली, आणि ती माझ्या तोंडानं गेली.

तेवढ्यात मामा गर्दीतून सरळ गोलाकडे गेले. जाळीवर तळहात दाबून बघितला. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब, पंचाची चूक न्हाय. ह्या पोराची बी न्हाय. चूक माजी हाय. जाळीला झोळ पायजे, मी ताणा बांधला."

साहेबांनी विचारलं, "परत बांधता येईल?"

"तुमचा चहा हुईस्तवर."

सगळ्या गावासमोर मामांनी एकेक गाठ सोडून पुन्हा ढिली बांधली. साहेब कप हातात धरून शेजारी उभे राहून गाठी निरखत होते. मी पंचांची माफी मागितली आणि सामना पुरा झाला.

महिन्यानं पत्र आलं. प्रेक्षकांना बसायची सोय नाही, म्हणून मॅच दुसऱ्या गावाला दिली होती. खाली लिहिलं होतं की जाळ्या फार आवडल्या, मुंबईच्या सामन्यासाठी पाठवाव्यात, सोबत बांधणारा माणूसही यावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मॅच द्यायची न्हाय आणि वर जाळ्या पायजेत? एक धागा देऊ नका मामा!"

मामांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच विचारलं, "बांधणाऱ्याला आत सोडतील न्हवं?"

मी जाळ्या पोत्यात भरल्या आणि त्यांना गाडीत बसवून आलो.

ते परतले ते स्टेशनवरून थेट गिरणीच्या गेटावर, खांद्यावर पोतं. माझी पाळी नुकतीच सुटली होती. मी म्हणालो, "सांगा की! काय झालं?"

"गोलाच्या मागंच हुतो. पयला गोल झाला. चेंडू जाळीत गेला."

"आणि?"

"आत ऱ्हायला," मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी नाक पुसलं. "रडतोस काय? कागद काढ. पुढचा अर्ज लिही. बसायला जागा न्हाय म्हनत्यात न्हवं? पायऱ्या बांधू."

मी पोत्याकडे बोट दाखवलं. "ह्यात काय हाय?"

"जाळ्या. लई मागत हुते, न्हाय दिल्या. आपल्या मॅचला लागतील की."