पायाळूनं बाहेर पडू नये

मी जन्माला आले ती पाय पुढे करून, म्हणजे पायाळू. आणि पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे ढग गडगडले की माझी रवानगी आतल्या खोलीत. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी आईच्या लेखी त्या पदवीला काडीची किंमत नव्हती.

त्या वैशाखात मी सुट्टीला माहेरी आले होते. सकाळपासून नुसतं गदमदत होतं. पंख्याखालीही कपडे अंगाला चिकटत होते. दुपारी एक सर येऊन गेली, उकाडा आणखीच वाढला आणि पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं. काढलेला कांदा वावरात उघड्यावर पडला होता. आई ताडपत्री घेऊन निघाली. मीही चप्पल घातली, तर तिनं उंबऱ्यातच अडवलं.

"तू कुठी निंगाली वं? आभाळ पाह्यलं का? घरात बस."

"अन् तुले काही होत नाही का?"

"मले काय होते? मी थोडीच पायाळू हाय!"

ती गेली. पहिला कडकडाट झाला तसा मी फोन हातात घेतला, कारण तिची सवय मला ठाऊक होती. पाऊस लागला की ती बांधावरच्या उंच निंबाखाली जाऊन उभी राहायची, अगदी बिनधास्त. वीज पायाळूला शोधते, मग तिला कशाचं भय? फोन लावला तर तो घरातच, फळीवर वाजला. मी पळत सुटले.

वावर काही लांब नाही, पण चिखलातून पाय निघेना. उजेड आणि आवाज यांच्यामधले सेकंद मी मोजत होते. पाचाचे तीन झाले. निंबाखाली तिची हिरवी साडी दिसली. "माय, झाडाखालून निंग!" मी जीव खाऊन ओरडले. पावसात तिला ते ऐकूच गेलं नसावं. तिला दिसलं ते एवढंच, की आपली पायाळू लेक उघड्या वावरात आली आहे.

हात उगारून, अर्धं वावर तुडवत ती मला माघारी हाकलायला आली. "काऊन आली वं तू? मरायचं हाय का? घरी जाय!" इतका राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. ती माझ्यापाशी पोचली आणि सगळं पांढरंफटक झालं. आवाज मला आठवतच नाही.

डोळे उघडले तेव्हा मी चिखलात उताणी होते आणि आई माझ्या अंगावर. तिच्या खांद्यावरून निंब दिसला, शेंड्यापासून बुडापर्यंत चिरलेला, पावसातही धुमसणारा. मला रडू फुटलं. "माय, निंबाकडं पाह्य," मी म्हणत राहिले. तिनं मान वळवलीच नाही. माझं डोकं पदराखाली झाकून, जन्मात कधी खोटं न बोललेली ती बाई आभाळाला ओरडून सांगत होती, "इथं कोणी पायाळू नाही रे बाप्पा! कोणीच नाही!"