निंगप्पा फसला

मैंदर्गीच्या निंगप्पाला कुणी फसवल्याचं उभ्या अक्कलकोट तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. सगळा जन्म बैलांच्या दलालीत गेला. शिंगं तासून म्हातारा बैल तरुण करणारे, लंगडं जनावर तेवढ्या वेळेपुरतं नीट चालवणारे, सगळे त्याने पाहिले होते. खरं तर त्यातलं बरंचसं स्वतःही केलं होतं. त्यामुळे समोरचा हसला की त्याला एक शंका यायची, आणि नाही हसला तर दोन.

आता दलाली थंडावली होती आणि घर चालत होतं बायकोच्या, रंभाबाईच्या कडक भाकरीवर. भाकरी सोलापूरच्या दुकानांत जायच्या, पण वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीत निम्म्या मोडायच्या. मोडक्या भाकरी दुकानदार परत धाडायचे. मोठ्या दुकानदाराने तर आता आणूच नका म्हणून सांगितलं. म्हणून होटगीच्या चांदसाबची जुनी पिकअप बघायला दोघं निघाली. गाडीची परीक्षा घ्यायला रंभाबाईने भाकरींची चळत सोबत घेतली.

चांदसाबने गाडीला नावं ठेवायलाच सुरुवात केली. "लई पळालीय, निंगप्पाअण्णा. आता दम न्हाय तिच्यात."

निंगप्पा सावध झाला. आपल्या मालाला नावं ठेवणारा विकणारा त्याने कधी पाहिलाच नव्हता. नक्की काहीतरी मोठं लपवतोय! त्याने बॉनेटला हात लावला. गार होतं, म्हणजे आधी तापवून ठेवली नव्हती. गाडी एका झटक्यात सुरू झाली, धूरही नाही. त्याने खाली वाकून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे चाचपले, टायरात नख रुतवून पाहिलं. खोट काही सापडेना, तसा त्याचा संशय वाढतच गेला.

"मग इकताय कशापायी?"

"कटाळा आला," चांदसाब म्हणाला आणि उठून स्टिअरिंगवर बसला.

चक्कर मारायला तिघं निघाली, भाकरी मागे हौद्यात. भर दुपारी, पांढरे पट्टे ओढलेला गतिरोधक समोर आला. चांदसाबने वेग कमी केलाच नाही. गाडी उडाली आणि मागे भाकरींचा चुरा झाला.

"सापडली!" निंगप्पा ओरडला. "पाटे गेल्यात हिचे!"

"पाटे चांगले हायती ओ," रंभाबाई हळूच म्हणाली. "भाऊ, तुमाला दिसलंच न्हाय की."

चांदसाबने गाडी कडेला घेतली. "एक डोळा गेलाय, दुसराबी जायाला लागलाय. गेलेली नजर परत येत न्हाय म्हणतात डॉक्टर. आमच्या तौसिफला कळलं तर पोरगं कालेज सोडून हितं बसंल. म्हणून घरी सांगितलंय, गाडीच बिघडली."

बैल घेताना निंगप्पा सगळ्यात आधी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवून बघायचा. आज त्याने टायरसुद्धा तपासले होते, माणसाकडे मात्र पाहिलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

गाडी त्याने घेतली. भाचा गुरुशांत ती चालवतो आणि भाकरी अख्ख्या पोचतात. एकदा निंगप्पा बाजारात जुन्या दलालांबरोबर चहा घेत होता, तिथे तौसिफ भेटला.

"अण्णा, गाडी कशी हाय आमची?"

"बिघडलेलीच की! तुजा बाप सांगत हुता, मीच ऐकलं न्हाय."

"आरं, निंगप्पा फसला!" दलाल खो खो हसले. निंगप्पाने त्यांना पोटभर हसू दिलं.