लाकडावरचा संगमरवर

आमच्या घरात लाकडाला रंग लावणं म्हणजे शिवी देण्यासारखंच होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं शनिवार पेठेत फर्निचरला पॉलिश केलं. सागवानाच्या रेषा अशा उठवायचे की गिऱ्हाईक कपाटावर हात फिरवत उभं राहायचं. आणि त्यांची एकुलती एक लेक हिंजवडीच्या कंपनीतून चार महिने स्वीडनला गेली आणि परत येऊन म्हणाली, "अप्पा, मी फर्निचर रंगवणार!"

वेड लागलं होतं मला, खरंच सांगते. तिथे एका सुट्टीच्या दिवशी शेतकऱ्यांची जतन केलेली जुनी घरं बघायला गेले होते. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत कपाटं, पेट्या, पलंग, घड्याळं, सगळं रंगवलेलं! फिकट निळं, राखाडी, ताकासारखं पांढरं. लग्नाच्या पेटीवर लग्नाचं वर्ष आणि भोवती भोपळ्याच्या वेलासारखी मोठाली फुलं. आणि एका खणांच्या कपाटावर तर चक्क संगमरवर. हात लावला तर लाकूड! मी इतक्या मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले की तिथली देखरेखीची बाई दचकली. तिनेच मग समजावलं. त्यांच्याकडे साधं पाइनचं लाकूड, दगड परवडणार कुणाला, म्हणून लोक संगमरवर रंगवून घ्यायचे.

अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाले. "ज्यांच्याकडे साग नाही त्यांनी चुना फासावा. तुझं काय अडलंय?"

तोंड तेवढं शाबूत होतं त्यांचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला आणि उजवा हात सारखा हलायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या टेबलावर पॉलिशचा बोळा थरथरला, डाग पडले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कामाला हात लावला नाही. कुणी घरी आलं की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. लग्नकार्याला जाणं बंद, कारण चारचौघांत चहाचा कप कसा धरणार? मला ते बघवत नव्हतं, आणि त्याबद्दल बोललेलं त्यांना खपत नव्हतं.

मी आपली सुट्टीच्या दिवशी पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून रंगवायला बसायचे. सागाला हात लावायची हिंमत नव्हती. सुताराकडून पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांचं तीन खणांचं छोटं कपाट करून घेतलं आणि हस्तकलेच्या एका प्रदर्शनात उत्साहाच्या भरात विक्रीसाठी टेबलही भाड्यानं घेऊन टाकलं. कपाटाच्या बाजू निळ्या-राखाडी झाल्या, झकास. वेलही मस्त जमला. वर्षानुवर्षं दारात रांगोळी काढलेला हात आहे हा! राहिले होते ते खणांचे दर्शनी भाग, आणि तिथे मला संगमरवरच हवा होता.

तो काही केल्या जमेना. ओल्या पांढऱ्या रंगावर पिसानं राखाडी शिरा ओढायच्या असतात. पीस आमच्या बाल्कनीतल्या पारव्यांचं, तेवढ्यापुरते तरी ते मेले उपयोगी पडले. पण माझी रेघ सरळच यायची. पुसलं, काढलं, परत पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन, आणि दुपारचे चार वाजलेले.

"हा संगमरवर आहे का गल्लीतलं खोदकाम?" खुर्चीतून अप्पा.

मी परत पुसायला घेतलं.

"संगमरवराची शीर कुणी आखलेली नसते. मध्येच तुटते, मध्येच फुटते. तुझी निघालीय थेट स्टेशनला."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्हीच काढा की! नुसतं बसल्या जागी बोलायला काय जातंय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. अप्पांचा चेहरा खाडकन उतरला. वाटलं, आता उठून आत जातील, दोन दिवस बोलणार नाहीत. ते उठले खरे, पण माझ्याकडे आले आणि उजवा हात पुढे केला. "दे."

पीस त्यांच्या बोटांत लटलट कापत होतं. त्यांनी ते टेकवलं आणि ओढलं. शीर थरथरत निघाली, बारीक झाली, तुटली, दोन बोटं पुढे पुन्हा उमटली आणि तिला दोन फाटे फुटले. आईशप्पथ! मी किंचाळलेच.

अप्पांनी पीस टाकून दिलं. "ओरडू नकोस. कळलं मला. पुसून टाक."

"पुसून काय टाक? अहो अप्पा, चष्मा लावा आणि बघा तरी!"

त्यांनी चष्मा लावला. जवळून बघितलं, लांबून बघितलं, मग पॉलिश झालेलं कपाट बघायचे तसं मान तिरकी करून बघितलं.

"पहिली शीर जाड आलीय," ते म्हणाले. "पुढचा खण सरकव."

तिन्ही खण त्यांनीच केले. मी नुसती रंग कालवून देत होते आणि मधूनमधून नाचत होते, अक्षरशः, चाळिशीची घोडी. शेवटच्या खणाला तर त्यांनी मला हाकललंच, उजेड अडवतेस म्हणून.

सकाळी मी टेम्पो बोलावला तेव्हा अप्पा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. येता का, असं मी विचारलंही नव्हतं. हॉलमध्ये ते टेबलामागे बसले, हात मात्र सदऱ्याच्या खिशात घट्ट. गर्दी सगळी त्या कपाटापाशी. कडक सुती साडीतल्या एक बाई वाकल्या, त्यांनी नखानं खण वाजवून बघितला. "कमालच आहे! अगदी खऱ्या दगडासारख्या शिरा. हे मशीनवर करतात का हो?"

मी तोंड उघडणार, तोच अप्पांनी खिशातून हात काढला आणि त्या बाईंच्या समोर धरला. चांगलाच हलत होता.

"मशीन नाही हो," ते म्हणाले. "आजार आहे."

हॉल बंद होईपर्यंत तो हात टेबलावरच होता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर.