नोव्हायचे पोस्टमास्तर

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायच्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. मोरेश्वरकाका त्या वर्गात शिकायला म्हणून दाखल झाले आणि तिसऱ्या मंगळवारी शिकवायलाच लागले.

त्याचं असं झालं. २००३चा सप्टेंबर होता. वर्ग घेणाऱ्या मिस कॅरल यांनी एक कागद वाटला. डावीकडे कॉम्प्युटरचे पंचवीस शब्द, उजवीकडे त्यांचे अर्थ, तेही इंग्रजीतच. सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांना सेवा पुरवणारं यंत्र, असं पहिल्याच ओळीत होतं. वर्गात दहाबारा जणी, बहुतेक जपानी. नवरे गाड्यांच्या कंपन्यांत. मराठी बाई एकटी लतिका. ती नागपूरची, वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, नवऱ्याच्या म्हणजे विष्णूच्या नोकरीपायी पाच वर्षांपूर्वी इथे आलेली. तिला इंग्रजी वाचता यायचं, बोलताना मात्र जीभ अडायची. तिनेही ती ओळ दोनदा वाचली. शब्द सगळे ओळखीचे, पण हाताला काही लागेना.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. मुलाचं जुनं जाकीट घातलेले, बाह्या दोन घड्या वर दुमडलेले एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. "मॅडम, परमिशन?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता फळ्यापाशी गेले.

"सर्व्हर," ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "इज सॉर्टिंग ऑफिस. ऑल बॅग्ज कम देअर. नोबडी सीज इट. बट विदाउट इट, नो लेटर!"

लतिकाच्या शेजारी बसणाऱ्या मिचिकोने "आऽऽ" असा लांब सूर काढला आणि वहीत लिहून घेतलं. मिस कॅरल हसल्या आणि खडू त्यांच्याच हातात ठेवून खाली बसल्या.

काका देवरूखचे. चौतीस वर्षं पोस्टात काढून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा प्रसन्न इथे इंजिनियर, म्हणून शोभनाकाकूंना घेऊन त्याच्याकडे राहायला आले होते. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडत, ते अंधार पडल्यावर परतत. मग काकांनी घरातला कॉम्प्युटर उघडून बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं आपल्याच खात्याचं काम आहे, फक्त सायकल नाही.

त्या दिवसापासून वर्गात पोस्ट उघडलं. ब्राउझर म्हणजे पोस्टाची खिडकी. आपण खिडकीशी उभं राहून मागायचं, आत कोण कुठून काय काढून आणतो ते आपण बघायला जायचं नाही. डाउनलोड म्हणजे एस.टी.च्या टपावरून पोतं खाली घेणं, अपलोड म्हणजे चढवणं. अटॅचमेंट म्हणजे पत्राला सुतळीने बांधलेलं पार्सल. सुतळी बांधायला विसरलात तर पत्र एकटंच जातं आणि वाचणारा विचारतो, पार्सल कुठाय? बाउन्स झालेली मेल म्हणजे 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का मारून परत आलेलं पत्र. त्यात पोस्टमनचा दोष नसतो, असं काका नेहमी जोडायचे. मिचिको त्यांना जपानी रीतीने मान देऊन 'काका-सान' म्हणायची. फळ्यावर काही लिहिलं की काका खाली सही करायचे आणि तारीख टाकायचे. शोभनाकाकू म्हणायच्या, "यांना घरी कुणी पुसत नाही ना, म्हणून लायब्ररीत शाखा काढलीय."

लतिका हे सगळं मन लावून शिकत होती, कारण तिची अदिती त्याच ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली होती. गेली तीही मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, गाडीने नऊ तास, जिथे ऑक्टोबरातच बर्फ पडायला लागतो. केमिकल इंजिनियरिंग. फोन केला की खोलीत रूममेट असायची, मागे गाणी चालू असायची. जेवलीस का? हो. थंडी? इट्स फाइन, मॉम. दोन मिनिटांत संपायचं. विष्णू म्हणायचा, "अगं, कॉलेजची पोर आहे, बिझी असणारच. तू उगाच काळजी करतेस." पण लतिकाला वाटायचं, बोलताना नाही तर निदान लिहिताना तरी पोरगी सांगेल. तिने काकांच्या शेजारी बसून स्वतःचा ईमेलचा पत्ता काढला, फोनवरून अदितीला तो अक्षर अक्षर सांगितला आणि वाट बघायला लागली.

पुढच्या मंगळवारी लायब्ररीत पेटी उघडली तर सहा मेल आलेल्या. ती हरखली. नीट बघितलं तर एक वजन कमी करायच्या गोळ्यांची, एक लॉटरीची, एक कुठल्याशा राजपुत्राची, दोन स्वस्त घड्याळांच्या. सहावी होती 'पर्पलमूस८६' नावाच्या कुणाची. विषय होता फक्त 'हे', इंग्रजीतली हाक.

"काका, हे कोण हो?"

काकांनी चष्मा नाकावरून खाली घेतला. "खाली नाव? वर नाव?"

"उघडली नाहीये अजून."

"मग उघडूही नका. मूस म्हणजे ते इथलं मोठं सांबर ना? जांभळं सांबर कुणाला पत्र लिहितं का? ज्याला नाव सांगायची लाज वाटते त्याचं पत्र म्हणजे निनावी. आमच्याकडे निनावी अर्ज आला की कारवाई नाही, थेट दप्तरी दाखल." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने 'जंक'चं, म्हणजे रद्दीचं, बटण दाबलं. "आता याचं पुढचं टपालसुद्धा आपोआप तिकडेच जाईल. चिंता नाही."

लतिकाला बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी कुणीतरी नीट मार्गी लावली होती.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. लतिका दर मंगळवारी पेटी उघडायची. मिचिकोच्या मेल असायच्या, जपानी फुलांच्या चित्रांसकट. अदितीची एकही नाही. फोनवर अदितीचा आवाज दर आठवड्याला थोडा सपाट होत गेला. लतिकाने लाडू पाठवले, लोकरीचे मोजे पाठवले. 'मिळाले' एवढंच कळलं. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारी तिने पुन्हा विचारलं, "अगं, जेवतेस ना नीट?"

"मॉम, यू नेव्हर आन्सर एनीथिंग आय राइट," अदिती म्हणाली. "सो प्लीज डोन्ट आस्क मी अबाउट फूड." फोन बंद.

लिहिते? लतिका फोन हातात धरून उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती वर्ग सुरू व्हायच्या आधीच लायब्ररीच्या दारात थांबली होती. काका आले तसं तिने सगळं सांगितलं. ऐकताना काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले, मग उठले आणि तिला खुर्ची दिली.

"तुमची पेटी आहे, तुम्ही उघडा. डावीकडे जंक म्हणून लिहिलंय, त्यावर."

गोळ्या, लॉटऱ्या, घड्याळं. आणि त्यांच्या मधून मधून पर्पलमूस८६, चार वेळा. पहिल्यावर नऊ ऑक्टोबर तारीख होती.

"सप्टेंबरातली कुठंय?" लतिकाने विचारलं. "ती 'हे'वाली?"

काकांनी पडद्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचलं. "तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नष्ट! आमच्या खात्यात न पोचलेलं पत्रसुद्धा कुणी असं फाडत नाही हो. ते परत पाठवतात, ठेवतात, शोध घेतात..."

लतिकाने पहिली मेल उघडली. 'हाय आई' अशी सुरुवात होती. तिने मागे वळून पाहिलं तर काका पडद्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, पुस्तकांच्या कपाटाकडे बघत उभे होते. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, ही सवय निवृत्त झाली नव्हती.

चार पत्रांत मिळून एक गोष्ट होती. अदिती केमिस्ट्रीच्या दोन्ही परीक्षांत नापास झाली होती. तिला तो विषय सोडायचा होता, कदाचित इंजिनियरिंगच. सोडायची शेवटची तारीख होती सात नोव्हेंबर, येणारा शुक्रवार. त्यानंतर नापासाचा शेरा कायमचा. 'बाबांना तू सांग, मला सांगता येणार नाही.' तिसऱ्या पत्रात: 'तुम्ही रागावला असाल तर तसं सांगा.' चौथ्यात तीनच ओळी. 'ठीक आहे. मला कळलं. मी आता वर्गातच जात नाही, त्यामुळे विषय सोडला काय आणि ठेवला काय.'

लतिकाने डोळे पुसले आणि तिथेच उत्तर लिहायला बसली. देवनागरी कशी टाइप करायची ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिली. राणी, तुझी पत्रं जंकमध्ये गेली होती, मला आज मिळाली, आम्ही रागावलो नाही, विषय सोड, फोन कर. पाठवलं. संध्याकाळी फोनही केला, अदितीने उचलला नाही. तिने निरोप ठेवला. विष्णूला सगळं सांगितलं. तो उठला आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. मग म्हणाला, "मला सांगायची इतकी भीती वाटते तिला?" आणि शनिवारी पहाटे निघायचं म्हणून गाडीत पेट्रोल भरून आला. पण तारीख शुक्रवारची होती.

बुधवारी सकाळी ती पुन्हा लायब्ररीत गेली तर उत्तर आलं होतं. एकच ओळ. 'शुअर, मॉम. स्पॅम.'

लतिकाने काकांना फोन लावला. "तिला वाटतंय मी सबब सांगतेय."

"वाटणारच," काका म्हणाले. "आईने सांगितलं की ती माया असते. दोष कुणाचा ते दोषी माणसानेच लेखी कळवायला हवं. पद्धत आहे ती."

त्यांनी मग फोनवरच तिला सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली देवरूखच्या पोस्टात एक पत्र लाकडी पेटीच्या फटीत चार महिने अडकून राहिलं होतं. सापडलं तेव्हा काका स्वतः ते घेऊन तीन कोस चालत गेले आणि त्या म्हातारीसमोर उभं राहून म्हणाले, उशीर आमच्याकडून झाला. म्हातारीने त्यांना ताक दिलं. "इथे काही मला चालता येणार नाही," काका म्हणाले. "नऊ तास गाडीने, म्हणजे माझे किती दिवस झाले! पत्ता द्या."

शोभनाकाकूंनी नंतर लतिकाला सांगितलं की ते पत्र लिहायला त्यांनी अख्खी दुपार घेतली, कच्चा मसुदा कागदावर केला आणि सुनेच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केला. पत्र इंग्रजीत होतं, पण चाल सगळी खात्याची. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

'विषय: आपल्या टपालास झालेला विलंब व अंशतः नाश. महोदया, आपण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आपल्या मातोश्रींना पाठविलेली सर्व पत्रे खाली सही करणाराच्या चुकीच्या आदेशावरून अडवून ठेवण्यात आली. पत्र पाठविणाराचे नाव जांभळे सांबर असे असल्याने ते निनावी समजण्यात आले. आपल्या मातोश्री दर मंगळवारी वेळेआधी हजर राहून टपालाची चौकशी करीत होत्या, याची नोंद घ्यावी. त्यांचा कोणताही दोष नाही. चार पत्रे काल सुपूर्त करण्यात आली असून त्यांतील मजकूर खाली सही करणाराने वाचलेला नाही. उरलेली पत्रे परत मिळू शकत नाहीत, याचे अत्यंत दुःख वाटते. चौतीस वर्षांच्या सेवेत एकही पत्र नष्ट झाले नव्हते. आपला आज्ञाधारक, मोरेश्वर, निवृत्त सब-पोस्टमास्तर, देवरूख, सध्या नोव्हाय.'

गुरुवारी दुपारी लतिका भांडी लावत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडून आधी नुसतं हसणं ऐकू आलं आणि मग ते हसणं मधेच तुटलं.

"मॉम, हू इज धिस मॅन?" अदिती म्हणाली. "त्याने लिहिलंय, यू वेअर देअर एव्हरी ट्यूजडे. बिफोर टाइम."

"काका आहेत ते. काका म्हणायचं."

"तू रोज... आय मीन, दर मंगळवारी बघत होतीस?"

"दर मंगळवारी. आणि बाकीच्या दिवशी फोनकडे बघत होते."

पलीकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग नाक ओढल्याचा आवाज. "मी आत्ता फॉर्म भरून आले. ड्रॉप केलं केमिस्ट्री. अॅडव्हायझरने साइन केलं. बाबांना..."

"बाबांना माहीत आहे. ते शनिवारी निघायचं म्हणतायत, टायर बघून आलेत. तुला भेटायला. रागवायला नाही."

"अगं, नऊ तास?"

"हो. ते चालवतील, मी काळजी करत बसेन. आमचं ठरलंय."

अदिती पुन्हा हसली, या वेळी नीट. लतिकाने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि बसली.

"अदिती, त्या सप्टेंबरातल्या पत्रांत काय होतं? ती गेली ती गेलीच म्हणे."

"काही नाही गं. सिली स्टफ. रूममेट घोरते. डायनिंग हॉलमध्ये पास्ताच पास्ता. आणि खिडकीतून लेक दिसतो. त्यात एकदा एक मूस आली होती, खरंच, पाण्यात उभी होती. म्हणून मग मी तो आयडी घेतला."

"मग सांग ना," लतिका म्हणाली. "सगळं सांग. पहिल्यापासून."

आणि अदिती सांगायला लागली.