दंडावरचं नाणं

चुलीपाशी वाघ आणि पाण्यापाशी शेळी, असा गनी भंडारी. तेलाच्या जहाजावर चाळीस माणसांचं रांधायचा. बिऱ्हाड शारजाला, रोल्ला मोहल्ल्यात. सासरा मचव्यासकट समुद्रात गेलेला, त्याची कबरसुद्धा नाही. म्हणून बायको बदरुन्निसा दर सफरीला गनीच्या दंडावर हिरव्या कापडात नाणं बांधायची, इमाम-जामीन. सुखरूप घरी आल्यावर ते तिनं सोडायचं आणि गरिबाला द्यायचं.

चौसष्ट साली जहाज दुरुस्तीला नागासाकीत लागलं. गनी आलं-मिरची शोधत तिथल्या जुन्या चिनी वस्तीत शिरला. पाट्या चिनी, दुकानाच्या गल्ल्यावरची बाई जपानी किमोनोत; चीन कुठं संपतो नि जपान कुठं सुरू होतो, कळेना. सगळ्या गल्ल्या सारख्याच. वाट चुकली आणि त्याची पाचावर धारण बसली. घाबरून दंड चाचपला, तर घामानं कुजलेलं कापड फाटलं आणि नाणं हातात आलं. हरवलं तर? समोर लाल कंदिलांखाली एक पेटी होती, आणि एक म्हातारी तीत पैसा टाकत होती. आपल्या दर्ग्यासारखी गरिबांची पेटी असणार, असं समजून त्यानं नाणं टाकलं.

जहाजावर हे ऐकून खलाशांचा म्होरक्या, सारंग हमदुल्लानं कपाळाला हात लावला. "अरे गनी, ती पेटी बेवारस मेलेल्यांची! जे दर्यात बुडाले, त्यांच्या नावानं तिथं दिवे लावतात. तू तुझी सलामती त्यांना देऊन आलास. खलास!"

परतीचे तीन आठवडे गनी भीतीनं अर्धा झाला. लाट आपटली की वाटे, बोलावणं आलं. खरकटंसुद्धा दुसऱ्याकडून समुद्रात टाकून घ्यायचा. स्वतःच्या मरणापेक्षा त्याला एकच धास्ती मोठी होती: बदरुन्निसाचं आणखी एक माणूस बिनकबरीचं जाईल.

दारातच तिनं दंड चाचपला. "नाणं कुठाय?"

गनीनं खालमानेनं सगळं सांगितलं. आता ही तोबा तोबा करणार, असं त्याला वाटलं.

"बुडालेल्यांची पेटी?" तिनं विचारलं. "म्हणजे माझ्या अब्बांसाठीही कुणीतरी दिवा लावतं?" आणि ती ओक्साबोक्शी रडली, बाप बुडाल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या सफरीला तिनं दोन नाणी बांधली. "हे सोडायला घरी या," ती म्हणाली, "आणि हे अब्बांचं. जहाज तिकडं लागलं, तर टाका."

गनीची भीती काही गेली नाही. पण खरकटं टाकायला तो आता स्वतः कठड्याशी जायचा, आणि टाकण्याआधी सासऱ्याला सलाम करायचा.