दोन सूत जास्त

प्रतापराव सिनेमा मोजतात. मोजत असत, असं आता लिहायला हवं, आणि ते तसं लिहावं लागतं आहे याला कारण मी आहे.

इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं लेथ मशीनवर काम केलं. तिथं सगळा कारभार सुतावर चाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी डोळ्यांतली मोजपट्टी गेली नाही. आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी फिरून झाल्यावर आम्ही पाच-सहा जण एका बाकापाशी जमतो. तिथं कोणी विचारलं की, काका, कालचा पिक्चर कसा होता, तर उत्तर ठरलेलं: "बढिया आहे भिया, पण दोन सूत जास्त झाला. हिरोची आई गेली, तिथंच संपवायचा होता ना. नंतर फालतूमध्ये ओढून राहिले." भिया म्हणजे भाऊ; इंदुरात सगळेच भिया.

दुपारी त्यांना झोप येत नाही. सुनेनं, म्हणजे मधुरिमानं, टीव्हीवर सगळं लावून दिलं आहे, त्यामुळे ते कोरियन बघतात, तमिळ बघतात, हिंदीत डब केलेलं काहीही बघतात. आणि बघतात ते असं, की दिग्दर्शकाला घाम फुटावा. एका गाजलेल्या डिटेक्टिव्ह सिरीजबद्दल त्यांचं मत होतं, "आठ एपिसोडमध्ये त्या इन्स्पेक्टरनं एकदा पण जेवण नाही केलं. इतका भुकेला माणूस तर पहिल्याच एपिसोडमध्ये खुनी पकडून घरी जाईल." एका कामगारांवरच्या सिनेमात नायक लांब बाह्यांचा शर्ट घालून लेथसमोर उभा होता. "मी तर डोळेच बंद केले भिया. वाटलं, आता हात गेला याचा." इतिहासातल्या लढाया दाखवणाऱ्या एका सिरीयलवर ते विशेष चिडून होते, कारण त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि त्यांची तलवार अजून घरात आहे. "ती एका हातानं अशी गरगर फिरवून दाखव म्हणावं. खांदा उतरेल." रोजच्या सासू-सुनांच्या मालिकांना मात्र त्यांच्याकडे सूत नव्हतं. "तिथं फुटानं मोजावं लागेल," असं म्हणून ते उठून जात.

आणि रडले तर सांगत, की रडलो. सत्तरीच्या माणसानं भर बागेत असं सांगणं मला फार आवडे.

आता माझ्याविषयी. मी देवदत्त. पलासियाच्या एका बँकेत अधिकारी आहे. तीस वर्षांपूर्वी दोन वर्षं पुण्यात मराठी घेऊन एम. ए. केलं, त्या दोन वर्षांवर मी आजवर मिरवतो आहे. इंदूरची मराठी हिंदीत कालवलेली असते हे खरं. पण ते दुसऱ्याला दाखवून द्यायची मला खोड आहे. बाकावरही मी प्रतापरावांना टोकत असे. "काका, 'ओढून राहिले' नाही, 'ओढत राहिले'." ते म्हणत, "हो, तेच," आणि पुढं बोलत. त्यांचं काही बिघडत नसे. या शुद्ध मराठीच्या बळावरच मी आमच्या मराठी मंडळींच्या चित्रपट मंडळाचा सचिव झालो. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी आम्ही सिनेमा दाखवतो, कोणीतरी पाहुणा बोलावतो, नंतर चर्चा होते. चर्चेत माइक माझ्या हातात असतो.

मागच्या नोव्हेंबरात पुण्याहून मानस नावाचा तरुण दिग्दर्शक आला होता. त्याचा पहिलाच सिनेमा. दोन भाऊ, घरात घातलेल्या एका भिंतीवरून चौदा वर्षं अबोला. दोघं रोज एकाच हॉटेलात चहाला जातात आणि एकमेकांकडे पाठ करून बसतात. थोरला जातो. दुसऱ्या दिवशी धाकटा येतो आणि थोरल्याच्या खुर्चीवर बसतो. संपला सिनेमा. सुरुवातीलाच मानस म्हणाला होता, "माझा सिनेमा कोणापर्यंत पोचतो का, एवढंच मला बघायचंय."

चर्चा सुरू झाली. कोणी 'आशयघन' म्हणालं, कोणी 'प्रत्ययकारी'. मी खूश होतो. पाहुण्यासमोर आमच्या इंदूरची शोभा होत होती. मग तिसऱ्या रांगेतून प्रतापरावांनी हात वर केला. इस्त्रीचा सफारी घालून आले होते. मी त्यांच्यासमोर माइक धरला.

"नमस्कार साहेब. पिच्चर बढिया आहे. एक पण सूत जास्त नाही."

ही त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी दाद होती, मी तरी आधी कधी ऐकली नव्हती. पण बाकावरचे आम्ही तिघं-चौघं सोडले तर ती कोणाला कळणार? त्यांनी माइक थोडा जवळ ओढला.

"खरं सांगू का, तुमच्या पिच्चरनं मला फार मोठी शिक्षा दिली."

आता हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. आमच्याकडं मराठी घरांतही तोच शब्द त्याच अर्थानं चालतो. आज्या नातवंडांना सांगतात, यातून काही शिक्षा घे. हॉलमध्ये ऐंशी माणसं होती, त्यांतल्या एकोणऐंशींना प्रतापराव काय म्हणतात ते कळलं होतं. नव्हतं कळलं ते फक्त मानसला. तो बिचारा हसून म्हणाला, "अरे बापरे! इतका वाईट झालाय?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'काका शिकवण म्हणतायत.' बस. माइक माझ्याच हातात होता. पण पुण्याचा माणूस हसत होता, आणि त्याच्या बाजूनं हसायची संधी मला सोडवेना. मी माइक तोंडाशी आणला आणि म्हणालो, "काका, साधी कैद की सक्तमजुरी?"

हॉल खदखदून हसला. घरी जाऊन हाच शब्द वापरणारे लोक सगळ्यात मोठ्यांदा हसले. प्रतापरावही आधी थोडे हसले, काय विनोद झाला ते न कळलेला माणूस हसतो तसे. मग इकडंतिकडं बघितलं. "नाही, मतलब मी..." एवढं म्हणाले आणि खाली बसले. मी माइक पुढच्या रांगेत नेला.

परत येताना स्कूटरवर माझी बायको नीरजा मागं बसली होती. पलासियाच्या सिग्नलला आम्ही अडकलो, तेव्हा ती म्हणाली, "मला पगार कोण देतं?"

"मतलब?"

"शिक्षा विभाग. चोवीस वर्षं झाली सरकारी शाळेत. मला कोणत्या गुन्ह्याची शिक्षा होऊन राहिली आहे, ते पण विचार ना माइकवरून."

"अगं, मजाक होता."

"काका बोलायला उठले होते, देवदत्त. त्यांचं बोलणं पूर्ण नाही झालं."

मला लाज वाटली का? त्या दिवशी नाही. त्या दिवशी राग आला, नीरजाचा. लाज नंतर आली, हप्त्याहप्त्यानं. बाकावर मी विचारलं, "काका, ती नवी सिरीज बघितली?" ते म्हणाले, "बघितली. ठीक आहे." मी म्हटलं, "किती सूत?" तर म्हणाले, "आता काय सूत-बीत. चांगलीच असते सगळी." दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात ते बागेच्या मागच्या फाटकानं येऊन तिकडूनच परत जाऊ लागले. बाकावर आम्ही सिनेमावर बोलायचा प्रयत्न केला, पण आमच्यापैकी कोणालाच सिनेमा बघता येत नाही हे तेव्हा उघड झालं. आम्ही फक्त गोष्ट सांगत होतो.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून वाक्यं पाठ केली होती. मधुरिमानं चहा आणि शेव आणून ठेवली. मी तोंड उघडायच्या आत प्रतापरावच म्हणाले, "मीच येणार होतो तुझ्याकडं. त्या दिवशी माझ्यामुळं तुझी मान खाली गेली ना. पुण्याचे पाहुणे समोर, आणि मी काय बोलून बसलो. मधुरिमानं नंतर सांगितलं, शिक्षा मतलब सजा. सत्तर वर्षांत मला कोणी बोललंच नाही, बघ."

"काका, चूक माझी होती. मी तसं बोलायला..."

"नाही बेटा. तू तर मजाक करून सांभाळून घेतलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. ते उपहासानं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या. पण हा माणूस माझे आभार मानत होता, आणि मला त्यांच्याकडं बघवेना. मधुरिमा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आत गेली. तिला सगळं समजलं होतं.

"काका," मी विचारलं, "तुम्ही पुढं काय सांगणार होता?"

"अरे, काही खास नाही." मग स्वतःच बोलले. इंदूरजवळच्या सांवेरला त्यांचा धाकटा भाऊ शेती बघतो, दौलतराव. नऊ वर्षांपूर्वी प्रतापरावांच्या लेकीच्या लग्नात पत्रिकेवर दौलतरावांचं नाव छापायचं राहिलं. छापणाऱ्याची चूक होती, पण दौलतरावांना वाटलं मुद्दाम केलं. लग्नाला ते आले नाहीत, तेव्हापासून बोलणं बंद. "पिच्चर बघताना मी ठरवलं की, उद्याच सांवेरला जायचं. ते सगळ्यांसमोर बोलणार होतो. मतलब एकदा बोललो की मग पलटता नसतं आलं मला."

"मग? गेलात?"

"गेलो ना. सोमवारी सकाळच्या बसनं. दरवाजा त्यानंच उघडला. मग तो म्हणाला, गहू पेरून झाला आहे, बघायला चल." प्रतापरावांचे डोळे भरले होते. ते पुसत म्हणाले, "बस, इतकंच."

सिनेमा कोणापर्यंत पोचतो का, असं मानसनं विचारलं होतं. ऐंशी माणसांत तो एकाच माणसापर्यंत पोचला होता, आणि त्या एकालाच मी खाली बसवलं होतं. मी म्हणालो, "काका, मी मानसला फोन करून हे सांगतो."

"नको, नको. लाज वाटते. त्यापेक्षा तू मला लिहून दे ना, पुढच्या वेळी काय बोलायचं ते. शुद्धमध्ये."

"तुम्ही बोलता तसंच बोला, काका. मला तेच आवडतं."

त्यांनी मान हलवली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

मी ठरवलं, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर माफी मागायची. चार ओळी कागदावर लिहून खिशात ठेवल्या. फेब्रुवारीतला रविवार आला. पाहुणे उशिरा आले, खुर्च्या कमी पडल्या, प्रोजेक्टरची वायर सापडेना. म्हटलं, आधी स्वागत होऊ दे, मग बोलू. स्वागत झालं, तेव्हा म्हटलं, आता सिनेमा सुरू करू, शेवटी बोलू. मी स्वतःला ओळखतो. हे सगळे बहाणे होते.

सिनेमा एका सुतारावर होता आणि निदान अर्धा तास लांबला होता. एका प्रसंगात नायक लाकडावर रंधा मारत होता, तो उलटा. मी अंधारात प्रतापरावांकडं बघितलं. ते खुर्चीत पुढं सरकले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आज काका सोडणार नाहीत. दिवे लागले आणि मी माइक घेऊन सरळ त्यांच्याकडंच गेलो. त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काय काका, किती सूत?"

ते उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, मग एक घडी केलेली चिठ्ठी काढली. चिठ्ठी घरून आणलेली होती, म्हणजे सिनेमा बघायच्या आधीच लिहिलेली. शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं करत त्यांनी वाचलं, "नमस्कार. चित्रपट अतिशय सुंदर आहे. दिग्दर्शन प्रभावी आहे. सर्व कलाकारांचे मनःपूर्वक अभिनंदन. धन्यवाद."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी उठून हात जोडले. प्रतापराव खाली बसले, चिठ्ठीची पुन्हा घडी केली आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "बरोबर होतं ना?"

माझी चार ओळींची चिठ्ठी माझ्या खिशात होती. माइक हातात होता.

"हो काका," मी म्हणालो. "एकदम बरोबर." आणि मागच्या रांगेत कोणीतरी हात वर केला होता, त्याला माइक द्यायला गेलो.