शेरा : समाधानकारक

चहा येतोय, तोवर माझा मूर्खपणा मीच सांगून टाकतो. आमच्या हिने सांगितला तर मी आणखी मूर्ख दिसतो, असा अनुभव आहे.

मी तलाठी होतो. आता रिटायर होऊन मिरजगावात घरी असतो. पीक पाहणी बांधावर जाऊन करायची असते, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण ऊन म्हणून काही असतं की नाही? मी आपला लिंबाखाली बसायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचो, "काय पेरलंय यंदा?" आणि रकाने भरायचो. कुणीतरी काहीतरी पेरलेलं असायचंच. ही खोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या लाटेत आम्हा दोघा नवरा-बायकोलाही कोरोना झाला. मला दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले, सुमनचं घरच्या घरी गोळ्यांवर भागलं. घरी आलो तेव्हा नुसता सापळा उरलो होतो. ताप गेला, पण थकवा मुक्कामाला राहिला. आंघोळ केली तरी धाप लागायची. दाराला कुलूप लावलं की नाही, ते दारातच उभं राहून विसरायचो. सुमन काढा द्यायची, पाय चेपायची, आल्या-गेल्याला "ह्यांना बोलायला लावू नका, दम लागतो" म्हणून सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

तेवढ्यात आमच्या नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याला लेकीला मुलगी झाली. आमची पहिली नात. पण लेकीचं घर डोंगराच्या अंगाला, जीप खाली थांबते आणि वर साठ पायऱ्या. लेकीने अटच घातली, "पप्पा, नगरच्या मॅडम हो म्हणाल्याशिवाय तुम्ही यायचं नाही." आणि मला एकट्याला सोडून सुमन निघेना. नातीसाठी शिवलेलं दुपटं घडी घालून ट्रंकेवर ठेवलेलं. येता-जाता ती त्यावरनं हात फिरवायची.

या मॅडम फिजिओथेरपीच्या. त्यांनी बोटाला लावायचा तो चिमटा दिला, नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा. म्हणाल्या, "काका, रोज सकाळी बसून एकदा मोजा. मग दहा मिनिटं चालून या आणि आल्याबरोबर पुन्हा मोजा. रविवारी वहीचा फोटो पाठवा."

वही म्हटल्यावर मला हुरूप आला. पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख, बसून, चालून, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात पहिल्याच दिवशी लिहिलं, "समाधानकारक."

चार दिवस इमानदारीत चाललो. पाचव्या दिवशी ओट्यावर बसून चपलेकडे बघत होतो, इतक्यात सुमन गोठ्यातनं दुधाची किटली घेऊन आली.

"जरा बोट दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"मशिन तपासायचंय."

तिने बोट दिलं. नाडी एकशे अठरा. आता बघा, गोठ्यात जाऊन यायला दहा मिनिटं लागतातच. मॅडमना चाललेल्या माणसाचा आकडा हवा होता, तो घरबसल्या मिळाला. मी 'चालून'च्या रकान्यात तो लिहून टाकला. माणूस कोणता, असा रकानाच नव्हता.

मग रोजचंच झालं. रविवारी मॅडमचा मेसेज आला, "काका, चालल्यावर नाडी फार वाढतेय. चालणं निम्मं करा, बाकीची कामं कमी करा."

मी तो मेसेज सुमनला मोठ्यांदा वाचून दाखवला आणि भाजी आणायचं बंद केलं. भाजी ती आणायला लागली. पुढच्या आठवड्यात आकडा एकशे सव्वीस. मॅडम म्हणाल्या, "आणखी विश्रांती घ्या." मी बादली उचलायची सोडली. बादली तिच्याकडे गेली. आकडा एकशे चौतीस. "काका, जड काहीही उचलू नका." मी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागायला लागलो.

मी जितका आराम करत होतो, तितकी नाडी वाढत होती. आयुष्यभर रकाने भरलेल्या माणसाला यात काहीतरी चुकतंय हे कळायला नको? शेऱ्यात मी आपला लिहितोय, "समाधानकारक."

शेवटी मॅडमनी नगरला बोलावून घेतलं. सुमन सोबत होतीच. मला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, मग मोजलं. नाडी शहाण्णव, ऑक्सिजन उत्तम. मॅडमनी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. त्यांनी वही उलटीपालटी करून पाहिली.

"काका, तुम्ही तर ठणठणीत आहात. घरचं मशिन बिघडलंय का?"

मी "असेल, असेल" म्हणणार, तर सुमन मधेच बोलली, "बिगडंल कसं? रोज सकाळी माज्या बोटाला लावून तपासत्यात की हे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची ओढली ती सुमनच्या समोर.

"काकू, दम लागतो?"

"लागतो की."

"छाती धडधडते?"

"गोठ्यातनं आले की लई धडधडती. चुलीफुडं कदी कदी डोळ्याफुडं अंधारी येती."

"कधीपासून?"

"कोरोना झाल्यापासनं."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

सुमन अगदी सहज म्हणाली, "सांगायचंच हुतं. पन सांगायला बसले की ह्यांच्या काड्याची येळ व्हायची."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. जिच्या बोटाचा आकडा मी रोज लिहीत होतो, तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

मॅडमनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. काळजीचं काही निघालं नाही, पण कोरोनाने मागे ठेवलेला त्रास होता तो तिला होता. मॅडमनी तिला समजावलं, दमायच्या आधी बसायचं, कामं तुकड्या-तुकड्यांनी करायची आणि सध्या निम्म्यावर आणायची.

"आनते की," सुमन म्हणाली. "पन उरलेलं निम्मं कोन करनार?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

सहा महिने झाले त्याला. मॅडम दोघांनाही हो म्हणाल्या, तेव्हा गेल्या आठवड्यात अकोल्याला जाऊन आलो. सुमन दर दहा पायऱ्यांनी बसली, बसली की हसली, आणि वर पोचल्यावर तिने स्वतःच्या हाताने नातीला दुपट्यात गुंडाळलं. खालून तीन पिशव्या घेऊन येणारा मी तेव्हा चाळिसाव्या पायरीवर होतो.

वही अजून चालू आहे. आकडे तिचे, लिहितो मी, आणि तिच्या तोंडाकडे बघून लिहितो. शेरा मात्र ती मला लिहू देत नाही, स्वतःच लिहिते. कालचा वाचून दाखवू?

"ह्यांनी भांडी घासली. समक्ष पाहणी केली. कढई परत घासायला दिली."